थांबण्याची किंमत

बटाटा, आले, हळद, रताळी यांच्या भावाची चर्चा निघाली की ती ठरलेल्या वाटेने जाते. शेतात मिळालेला भाव आणि बाजारात मोजलेला भाव शेजारी शेजारी मांडायचे, मधला फरक दाखवायचा आणि तो दलालाने खाल्ला असा निकाल द्यायचा. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार ग्राहकाच्या रुपयातला शेतकऱ्याचा वाटा बटाट्यात सुमारे ३७ टक्के आणि कांद्यात सुमारे ३६ टक्के होता. या आकड्यांनी त्या निकालाला आणखी बळ आले. मला हा निकाल उथळ वाटतो. दलाल निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. या निकालामुळे शेतकरी खरोखर जिथे नागवला जातो तिकडे कुणाचे लक्षच जात नाही, ही माझी तक्रार आहे.

माझा मुद्दा असा. कंदमुळांच्या व्यापारात मालाइतकीच, किंबहुना मालापेक्षा जास्त, मुदत विकली जाते. ज्याला थांबता येते त्याला भाव मिळतो. ज्याला थांबता येत नाही तो आपल्या भावातला मोठा हिस्सा थांबणाऱ्याच्या पदरात टाकतो. साखळीत माणसे किती आहेत हा प्रश्न नंतरचा. थांबण्याची ताकद कुणाकडे आहे आणि ती त्याच्याकडे कशी आली, हा प्रश्न आधीचा.

१. फरक म्हणजे नफा नव्हे

सुरुवात आठवडी बाजारातल्या शेवटच्या विक्रेत्यापासून करू, कारण ग्राहकाचा राग सर्वांत आधी त्याच्यावर निघतो. समजा, त्याने ५० किलोचे बटाट्याचे पोते २० रुपये किलोने घेतले. हजार रुपये झाले. हमाली, टेम्पोत टाकायचे भाडे आणि जागेची पावती मिळून १२० रुपये. पोते उघडल्यावर तळाला माती, कुदळीने चिरलेले आणि एखाददुसरा सडका असे तीन किलो बाजूला जातात. सात किलो गोटी निघते, म्हणजे सुपारीपेक्षा थोडा मोठा बटाटा. ती १५ रुपयांनी काढावी लागते. उरलेले ४० किलो तो ३० रुपयांनी विकतो. हाती आले १,३०५ रुपये, गेले १,१२० रुपये. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत बसून एका पोत्यामागे १८५ रुपये उरले. वीस आणि तीस यांत पन्नास टक्क्यांचा फरक दिसतो. प्रत्यक्षात गुंतवलेल्या पैशावर साडेसोळा टक्के सुटतात. दुपारी पाऊस आला तर तेही नाहीत.

कंदमुळांत ही घट पालेभाजीपेक्षा वेगळ्या जातीची असते. मेथी सुकते ती डोळ्यांना दिसते. कंदातले पाणी मात्र गुपचूप उडते, वजन काट्यावरच कमी होते. माती मालाबरोबर विकत घ्यावी लागते आणि नंतर फेकून द्यावी लागते. गाजर धुऊन आणले तर उठून दिसते, पण धुतलेले गाजर लवकर मऊ पडते. या सगळ्यातून जो खर्च होतो त्याला लूट म्हणण्यात अर्थ नाही. साखळीतला एक माणूस कमी केला म्हणून ही माती, ही गोटी आणि ही वाळ कमी होत नाही. ती दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर पडते.

२. जमिनीखालचा माल

टोमॅटोचा प्लॉट बांधावरून दिसतो. आल्याचा दिसत नाही. वर पाला हिरवागार असला तरी खाली गड्डा किती भरला आहे, कंदमाशी लागली आहे का, कंदकूज कुठल्या सरीत शिरली आहे, हे शेतकऱ्यालाही नेमके ठाऊक नसते. मग सौदा कसा होतो? सातारा जिल्ह्यात कोरेगावच्या बाजूला आल्याचा भाव 'गाडी'वर बोलला जातो, आणि गाडी म्हणजे ५०० किलो. व्यापारी रानात येतो. एका कडेचा, एक मधला, एक पाणी साचते त्या खोलगट भागातला असे दोनतीन गड्डे उपटून बघतो. माती झटकतो, एक बोट कडकन मोडतो, आतला रंग आणि रेषा पाहतो, सालीवर अंगठा फिरवतो. एवढ्या तपासणीवर लाखाचा व्यवहार ठरतो. अनेकदा काढणीची टोळी आणि धुण्याची व्यवस्था व्यापाऱ्याचीच असते.

ज्या मालाची प्रत विकत घेणाऱ्याला दिसत नाही, त्या मालात चांगल्याला वाईटाच्या सरासरीने भाव मिळतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून हे मांडले. पुढे त्यांना नोबेल मिळाले. आपल्या रानात ते रोज घडते. व्यापारी न दिसणाऱ्या जोखमीची किंमत आधीच कापून घेतो, आणि ती कापणी चांगल्या शेतकऱ्याच्या वाट्याला सर्वांत जास्त येते. बाजार समितीत दर क्विंटलमागे काही किलो 'कडता' सोडायची रीत याच अविश्वासातून आली. आज ती अविश्वासाचे निमित्त करून केलेली उघड कपात झाली आहे, ही गोष्ट वेगळी. ती बंद झालीच पाहिजे.

३. थांबता येणे आणि थांबणे परवडणे

सगळे कंद सारखे थांबत नाहीत. मुळा आणि बीट काढले की काही दिवसांत विकावे लागतात. तिथे मुदतीचा व्यापार जवळजवळ नाही, म्हणून दलालाची ताकदही तुलनेने कमी. बटाटा शीतगृहात महिनोन्‌महिने राहतो. उत्तर प्रदेशात फेब्रुवारी-मार्चमध्ये भरलेला माल पावसाळाभर आणि दिवाळीच्या आगेमागेपर्यंत बाहेर येत राहतो, आणि पुण्याच्या बाजारात आग्रा, इंदूर, तळेगाव अशा नावांनी जो बटाटा विकला जातो त्याचा भाव तिकडची शीतगृहे किती भरली आहेत यावर हलतो. आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर पावसाच्या भरवशावर बटाटा पिकवणाऱ्याला हजार-बाराशे किलोमीटरवरच्या गोदामातला साठा आपला भाव ठरवतो, हे सहसा कुणी सांगत नाही.

आले आणि हळद यांचे तसे नाही. तिथे थांबण्याचे साधन शेतकऱ्याच्या हातातच आहे. आले पक्व झाले तरी काढलेच पाहिजे असे नाही. जमिनीतच ठेवता येते. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश केली की पाच किलो ओल्या गड्ड्यांची साधारण एक किलो होते आणि मग ती नीट ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खणलेल्या पेवांमध्ये हळद ठेवण्याची पद्धत यासाठीच मोठी झाली. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरले, हळदीची नासाडी झाली आणि पेवांचे वैभव ओसरले. पण ती व्यवस्था होती तेव्हाही प्रश्न हाच होता की पेवातली हळद कुणाची. पेव जमिनीत, हळद शेतकऱ्याने पिकवलेली, आणि थांबण्याचा फायदा मात्र ज्याने ती साठवण्याआधी विकत घेतली त्याचा.

साधन हातात असूनही शेतकरी थांबत का नाही? कारण जमिनीतल्या गोदामालाही भाडे असते. आले आणखी तीन महिने ठेवले तर रान अडते, पुढचे पीक हुकते, पाणी द्यावे लागते आणि पाऊस लागला की कंदकुजीची टांगती तलवार असते. दोन एकरवाल्याला हा जुगार परवडत नाही. दहा एकरवाला दोन एकर ठेवून आठ एकर काढतो. 'जुने आले' आणि 'नवे आले' असे दोन दर काढण्यावरून अलीकडे सातारा जिल्ह्यात जो वाद पेटला, त्याचे मूळ मला इथे दिसते. शेतकरी म्हणतात, एकच दर द्या, सरसकट घ्या. व्यापारी म्हणतात, नव्याची साल कोवळी, पाणी जास्त, टिकत नाही. प्रतीतला फरक खरा आहे. पण तो दरात किती रुपयांनी उतरावा हे प्रत ठरवत नाही. नवे आले विकायला आलेल्या माणसाला किती निकड आहे, ती निकड ते ठरवते.

४. बेणे

कंदमुळांच्या अर्थकारणातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट इथे आहे. गव्हाला एकरी साधारण ४० किलो बी लागते. आल्याला एकरी साधारण हजार किलो बेणे लागते, म्हणजे दोन गाड्या. बटाट्यालाही एकरी आठ-दहा क्विंटल. आणि हे बेणे म्हणजे वेगळा माल नव्हे. बाजारात खायला जातो तोच कंद. त्यामुळे खाण्याचा भाव चढला की लावण्याचा खर्चही त्याच दिवशी चढतो.

आता हिशेब मांडून पाहा. गाडीचा भाव १५ हजार असताना एकराच्या बेण्याला ३० हजार लागतात. भाव ६० हजारांवर गेला की त्याच एकराला १ लाख २० हजार. आणि शेतकरी नेमका केव्हा लागवड वाढवतो? भाव चढलेला असतो तेव्हा. २०२३ मध्ये आल्याने अशीच उसळी घेतली आणि मग जो तो आल्याकडे वळला. वर्षभराने सगळ्यांचा माल एकदम निघतो. समजा भाव पुन्हा १५ हजारांवर आला, तर नुसता बेण्याचा खर्च भरून काढायला आठ गाड्या विकाव्या लागतात. खत, ठिबक, भरणी, निंदणी, काढणी हे सगळे त्यापुढे.

भाव चढला, लागवड वाढली, भाव पडला, लागवड घटली, पुन्हा भाव चढला, या चक्राला निकोलस काल्डोर यांनी १९३४ मध्ये कोळ्याच्या जाळ्याचे नाव दिले. ते कुठल्याही पिकाला लागू आहे. पण धान्यात चक्र फक्त उत्पन्नाच्या बाजूने फिरते. कंदांत ते खर्चाच्याही बाजूने फिरते, म्हणून इथली मंदी माणसाला दुप्पट जोराने आपटते. या चक्रातून कोण वाचतो? ज्याने पडत्या भावाच्या वर्षी आपले बेणे राखून ठेवले तो. चढत्या वर्षी त्याला बेणे विकत घ्यावे लागत नाही, उलट ते विकता येते. आणि पडत्या वर्षी माल न विकता राखून ठेवणे कुणाला जमते? ज्याच्या डोक्यावर त्या वर्षीचे देणे नाही त्याला. फिरून आपण पुन्हा थांबण्याच्या ताकदीवर आलो.

५. उचल

ती ताकद कशाने जाते, याचे उत्तर एका शब्दात देता येते: उचल. बेण्याला, खताला, मजुरीला पैसा हवा असतो. बँकेचे पीककर्ज मिळते, पण आल्याच्या खर्चाला पुरत नाही, आणि खरीप कर्ज मार्चअखेरच्या सुमारास भरले तरच व्याजाची सवलत टिकते. हळद जानेवारी ते मार्चमध्ये निघते. शिजवून वाळवून बाजारात पोचायला एप्रिल उजाडतो. म्हणजे कर्जफेडीची तारीख आणि बाजारातल्या सर्वाधिक आवकेचा काळ एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. थांबण्याजोगे सर्वांत टिकाऊ पीक ज्याच्या घरात आहे, त्यालाच ते घाईने विकायला लावणारी ही रचना आहे.

कमी पडलेले पैसे अडत्या किंवा गावातला खरेदीदार देतो. बहुधा व्याजाची भाषाही करत नाही. अट एवढीच की माल त्याच्याच गाळ्यावर यायचा. लोक म्हणतात, बिनव्याजी दिले, चांगला माणूस आहे. व्याज असतेच. ते वेगळे लिहिले जात नाही, भावात वळते होते. दोन रुपये कमी मिळाले ते बाजार पडल्यामुळे की उचलीमुळे, हे विक्रीच्या पट्टीवर कुठेच दिसत नाही. माझ्या मते या धंद्यातली खरी अडवणूक इथे आहे: कर्ज देणारा आणि माल घेणारा एकच असणे. त्याच्याशी भाव बोलताना शेतकऱ्याला 'नाही' म्हणता येत नाही, आणि ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्यासाठी लिलाव असून नसल्यासारखा.

याचा पुरावा हवा असेल तर २०१६ कडे पाहावे. त्या वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने फळे-भाजीपाला, कांदा-बटाटा, आले-लसूण बाजार समितीच्या नियमनातून मोकळे केले आणि अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले. व्यापाऱ्यांनी संप केला. हेतू चांगला होता आणि पट्टीवरून अडतीची ओळ गेली, हेही चांगलेच झाले. पण अडत द्यावी लागणार हे माहीत असलेला खरेदीदार बोली लावतानाच तेवढे कमी धरून लावतो. कर किंवा दलाली कागदावर कुणाच्या नावावर आहे याने तिचा भार ठरत नाही. दोघांपैकी ज्याला व्यवहार सोडून जाता येत नाही, त्याच्यावर तो सरकतो. साखळीचा नियम बदलला, थांबण्याची ताकद तशीच राहिली, म्हणून भार पुन्हा होता तिथेच गेला.

आक्षेप

*थेट विक्री हा उपाय नाही का?* मुळा, बीट, गाजर, थोडी रताळी यांच्यासाठी आहे. शेतकरी आठवडे बाजारांनी शहरांत हे करून दाखवले, आणि आषाढी किंवा महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी रताळ्याची पाटी घेऊन बसणाऱ्याला त्याचा नक्की उपयोग होतो. पण आल्याची एक गाडी घ्या. घरचा ग्राहक एका वेळी शंभर ग्रॅम आले घेतो. पाचशे किलो विकायला पाच हजार ग्राहक लागतील, आणि हे एका गाडीसाठी. एकरभराचे आले थेट ग्राहकाला विकणे म्हणजे शेती सोडून दुसरा धंदा करणे. थेट विक्रीचा आग्रह धरणारे बहुतेक वेळा उदाहरण पालेभाजीचे देतात आणि निष्कर्ष सगळ्या शेतमालावर लावतात.

*मग हमीभाव द्या.* केरळने २०२० मध्ये १६ भाज्या-फळांना आधारभूत किंमत जाहीर केली, त्यात टॅपिओकाही आहे. असा आधार असावा, याला माझा विरोध नाही. पण न दिसणाऱ्या प्रतीचा, दर आठवड्याला वजन घटवणारा माल सरकारने कुठे उतरवायचा, कोणत्या प्रतीला कोणता दर लावायचा आणि सडला तर कुणाच्या नावावर टाकायचा, याची उत्तरे नसतील तर आधारभूत किंमत जाहिरातीपुरती राहते. हळद सोडली तर कंदांसाठी अशी खरेदी चालवणे फार अवघड आहे.

*ही शेवटी दलालांची वकिलीच झाली.* नाही. मोजक्या खरेदीदारांचे संगनमत, रुमालाखाली बोटे दाबून ठरवलेला भाव, कडता, आठवडे-आठवडे थकवलेले पैसे, या सगळ्यांवर कायदा आहे आणि तो कठोरपणे राबवला पाहिजे. माझे म्हणणे इतकेच की उद्या हे सगळे बंद झाले आणि उचल तशीच राहिली, तर प्रामाणिक लिलावातही शेतकरी पडेल भावानेच विकेल.

*सगळेच थांबले तर?* हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. सगळ्यांनी एप्रिलऐवजी ऑगस्टमध्ये हळद विकायला काढली तर ऑगस्टमध्ये भाव पडेल, हे उघड आहे. पण आज सगळे एकाच महिन्यात विकतात कारण सगळ्यांची देणी एकाच महिन्यात येतात. निकड निघाली की प्रत्येकाची विक्री वेगवेगळ्या वेळी होईल, कारण प्रत्येकाचे रान, घर आणि अंदाज वेगळा असतो. विखुरलेली आवक हाच फायदा. थांबण्यात धोका मात्र राहतोच, आणि त्यातला सर्वांत अन्यायकारक धोका सरकार निर्माण करते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले तेव्हा उन्हाळी कांदा चाळीत ठेवून थांबलेल्या शेतकऱ्यांनाच त्याचा फटका बसला. सडीचा धोका त्यांनी पत्करला होता, रातोरात बदललेल्या धोरणाचा नव्हे. शेतकऱ्याला साठवायला सांगायचे आणि भाव येऊ लागला की दार लावायचे, ही फसवणूक आहे.

काय करता येईल

हळदीसाठी रस्ता आधीच आखलेला आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० च्या दशकाच्या आरंभापासून आहे. माल गोदामात ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचे, सहा टक्के व्याज, सहा महिने मुदत. ती प्रत्येक हळद बाजारात, आवकेच्या ऐन दिवसांत, रांग न लावता मिळाली पाहिजे, आणि हळदीपुरती मुदत सहाऐवजी बारा महिने करायला हवी. पीककर्जाच्या सवलतीची तारीखही पिकाच्या काढणीनुसार सरकवणे अवघड नाही.

आल्याला गोदाम नाही, रानच गोदाम आहे. तेव्हा पक्व होऊन जमिनीत उभ्या असलेल्या आल्यावर तारण मिळाले पाहिजे. बँका म्हणतील, जमिनीखालचे आम्हाला दिसत नाही. व्यापाऱ्यालाही दिसत नाही; तो दोनतीन गड्डे उपटून लाखाचा व्यवहार करतो. तशीच पाहणी गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीने करून लिहून द्यावी, आणि कंदकुजीचा धोका विम्यात धरावा.

तिसरे काम त्याहून स्वस्त आहे. धान्याच्या पेरणीचा अंदाज पेरणी झाल्यावर येतो. आल्याचा आधी येऊ शकतो, कारण लागवडीआधी हजारो क्विंटल बेण्याचे सौदे होतात. फेब्रुवारी-मार्चपासून कुठल्या तालुक्यात किती बेणे, कोणत्या भावाने विकले गेले, एवढी नोंद बाजार समित्यांनी आणि कृषी सहायकांनी दर आठवड्याला जाहीर केली, तर गाडी ६० हजारांची असताना बेणे घ्यायला निघालेल्या शेतकऱ्याला आपल्याबरोबर आणखी किती जण निघाले आहेत हे लागवडीआधी, अक्षय्य तृतीयेच्या आतच कळेल.